अण्णा भानावर येतात तेव्हा

गेल्या श्रावणात एका सकाळी पुरणाचे पातेले उतरवताना माझ्या मनगटाला वाफ लागली आणि जुन्या रुपयाएवढा फोड उठला. तासाभराने मी अण्णांना दूध-पोळी भरवायला बसले, तेव्हा त्यांची नजर त्या फोडावर येऊन थांबली. त्यांनी माझा हात धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, “अक्का, भाजलंय की गं हे. फडताळात कैलासजीवन असेल बघ. फोड फोडू नकोस.” अक्का ही त्यांची थोरली बहीण, तिला जाऊन तीस वर्षे होत आली. मी त्यांची मुलगी आहे, आणि त्यांनी मला माझ्या नावाने शेवटची हाक मारली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. कैलासजीवन मात्र फडताळातच होते.

ही घटना मी माझ्या वहीत ‘भानावर होते’ अशी नोंदवली. वर्षभर आधी ती घडली असती तर मी नोंदवली नसती, कारण अण्णांनी मला ओळखले तरच ते भानावर आले, असा माझा तेव्हाचा हिशेब होता. आठवण वेगळी आणि भान वेगळे, हे समजायला मला फार वेळ लागला. त्या दिवशी त्यांच्यासमोर कोण बसले आहे हे त्यांना आठवत नव्हते, पण जी कोणी बसली आहे तिला भाजले आहे, तिला दुखत असेल आणि घरात त्यावर औषध आहे, इतके सगळे त्यांना कळत होते. नावाची वाट पाहण्याच्या नादात असे किती प्रसंग माझ्या हातून निसटले असतील, याची चुटपुट अजून जात नाही.

अण्णा साताऱ्यातील एका छोट्या छापखान्यात जुळारी होते. हा शब्द आता फारसा कोणाला माहीत नसेल. शिशाचे खिळे एकेका खणातून उचलून स्टिकमध्ये लावायचे, ओळी भरल्या की गॅलीत उतरवायच्या, चुकलेले अक्षर चिमट्याने उपटून दुसरे बसवायचे आणि छपाई झाली की प्रत्येक खिळा पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा, हे काम त्यांनी एकतीस वर्षे केले. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. असा उलटा मजकूर सुलट्याइतक्याच वेगाने वाचणे हा त्यांच्या हातचा मळ होता. पुढे ऑफसेट आले, मालकांनी खिळे वजनावर विकून टाकले आणि अण्णा घरी आले. त्यानंतर कित्येक वर्षे घरात आलेली प्रत्येक लग्नपत्रिका ते पेन्सिल हातात घेऊनच वाचत, आणि ती पेन्सिल कामाला लागली नाही अशी पत्रिका क्वचितच येई.

आजाराची सुरुवात झाली ती विसरण्याने नव्हे. अंगणात मुले खेळत आहेत, त्यांना काहीतरी खाऊ दे, असे ते अधूनमधून सांगू लागले. अंगणात कोणी नसे. त्याच्याही कितीतरी आधी, आई होती तेव्हा, ती सांगायची की हे झोपेत ओरडतात, हात उगारतात, लाथा झाडतात. आम्ही त्यावर हसत होतो. पहिल्या डॉक्टरांनी अल्झायमर असावा असे सांगून गोळ्या सुरू केल्या. पुढे पुण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांनी अण्णांना बाजूला बसवून मला चार प्रश्न विचारले. रात्रीची झोप नीट होऊनही हे दिवसा पेंगतात का? दिवसा दोन तास किंवा त्याहून अधिक झोपतात का? बराच वेळ शून्यात नजर लावून बसतात का? बोलता बोलता बोलण्याची संगती एकदम सुटते का? चारही प्रश्नांना माझे उत्तर ‘हो’ होते. मुलांचे दिसणे, झोपेतल्या लाथा आणि चालण्यातला ताठरपणा या सगळ्यांची सांगड घालून त्यांनी निदान बदलले. आजाराचे नाव लेवी बॉडी डिमेन्शिया.

फ्रेडरिक लेवी या संशोधकाने १९१२ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतील पेशींमध्ये काही विशिष्ट गोळे पाहिले होते. त्याच्या नावाने ओळखले जाणारे, अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे हे गोळे या आजारात मेंदूत इतरत्रही साचतात. अल्झायमरमध्ये नवी आठवण मुळात साठवलीच जात नाही, अशी अवस्था लवकर येते. लेवी बॉडीच्या आजारात निदान सुरुवातीला तरी साठवण त्या मानाने शाबूत असते आणि आधी ढासळते ते अवधान. म्हणूनच या आजारात भानाचे चढउतार इतके ठळक असतात की निदानाच्या प्रमुख खुणांमध्ये त्यांची गणना होते. सकाळी वर्तमानपत्रातला मथळा वाचून त्यावर शेरा मारणारा माणूस दुपारी चमचा कशासाठी असतो हे विसरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मथळा वाचतो. डॉक्टरांनी मला समजावले ते असे: घरातले सामान जागच्या जागी आहे, वीज मात्र येते आणि जाते. अल्झायमरमध्येही बरेवाईट दिवस असतातच, पण तिथे सामानच हळूहळू नाहीसे होत जाते. हा दृष्टांत सोपा आहे आणि अपुरा आहे, कारण अण्णांच्याही घरातले सामान आता कमी होऊ लागले आहे. तरीही पहिली दोन वर्षे मला त्याचा आधार झाला.

आधार होण्याचे कारण असे की, तोवर माझ्या मनात एक फार वाईट शंका घर करून होती. जे काल जमले ते आज का जमत नाही? हे मुद्दाम तर करत नाहीत ना? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात ही शंका कधी ना कधी येते, असे मला आता इतरांशी बोलून कळले आहे, पण ती कोणी उघड बोलत नाही. माणूस अधूनमधून शहाण्यासारखा वागला नसता तर आपल्याला त्याचा राग आला नसता. भानाचे क्षण जसे आनंद देतात, तसेच ते बाकीच्या वेळेबद्दल आपल्याला कठोर करतात, आणि “काल तर तुम्ही स्वतः बटणं लावली होती ना?” असे वाक्य आपल्या तोंडून जाते. ते मी बोललेले आहे. अण्णा त्या वेळी शर्टाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिले.

दादाचा प्रश्न याच्या उलट होता. तो बंगळुरूला असतो आणि दर रविवारी फोन करतो. फोन कानाला लावला की अण्णा ताठ बसत आणि म्हणत, “हां, बोल. बरा आहेस ना? पोरं काय म्हणतात? पाऊस आहे का तिकडं? इकडं ठीक आहे सगळं. बरं, ठेवू?” चार मिनिटे, एकही चूक नाही. मग दादा मला म्हणायचा, “अगं, अगदी व्यवस्थित बोलले की माझ्याशी. तू फार काळजी करतेस.” त्यानंतर अण्णा मला विचारत, “कोण होतं गं?” फोनवरच्या बोलण्याचा तो साचा पन्नास वर्षांच्या सवयीने घट्ट बसलेला होता आणि त्यात अण्णांना उत्तर द्यावे लागेल असा एकही प्रश्न नव्हता. डॉक्टरांसमोर पाच मिनिटे आणि पाहुण्यांसमोर अर्धा तास नीट वागणे हेही याच जातीचे. त्यात लबाडी नसते. ती पणाला लावलेली सगळी शिल्लक असते. पाहुणे गेल्यावर अण्णा दोन-दोन तास झोपत आणि उठल्यावर नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेले असत. दादाला हे मी सांगून पटले नाही. गणपतीत तो आठ दिवस राहिला, तिसऱ्या रात्री अण्णांनी त्याला “आपण कुठले?” असे अदबीने विचारले, तेव्हा पटले. त्यानंतर त्याने मला कधी ‘तू फार काळजी करतेस’ असे म्हटलेले नाही.

भानाचा क्षण आला की काय करू नये, हे मी चुका करूनच शिकले. मला आठवते, एका रविवारी नाश्त्याच्या वेळी अण्णा एकदम म्हणाले, “तुझी आई असती तर हे उपीट तिनं परत पाठवलं असतं.” खरे होते, मीठ जास्त झाले होते. आईची आठवण, माझी ओळख, उपिटाची चव आणि वर थट्टा, असे सगळे एकाच वाक्यात! मी आनंदाने उठले, यजमानांना हाक मारली, दादाला व्हिडिओ कॉल लावला, फोन अण्णांच्या तोंडासमोर धरला आणि विचारले, “अण्णा, मी कोण सांगा बरं? आणि हा कोण?” ते फोनकडे पाहत राहिले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग हात थरथरू लागला. दीड मिनिटाचा तो काळ मी परीक्षा घेण्यात घालवला, आणि परीक्षा सुरू होताच तो संपला. आता तसे झाले तर मी रेडिओ बंद करते, त्यांना चष्मा आणि कानातले यंत्र लावलेले आहे ना ते पाहते, समोरून दिसेन अशी बसते आणि त्यांनी काढलेल्या विषयाच्या मागे जाते. प्रश्न विचारत नाही. उपिटात मीठ जास्त झाले असेल तर मीठ जास्त झाले असे कबूल करते.

वही ठेवायला पुण्याच्या डॉक्टरांनीच सांगितले होते: रात्रीची झोप, शौच, पाणी, औषधाची वेळ, आणि दिवसभरात कधी, किती वेळ, काय बोलले. काही महिन्यांनी ती चाळली तेव्हा कळले की चांगले क्षण बहुतेक सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान येतात, पोट साफ असले की येतात, घरात एकच माणूस असला की येतात. दिवेलागणीला तर जवळजवळ कधीच नाही. त्या वेळी त्यांना गावाकडे जाणारी सहाची एसटी पकडायची असते. हे कळल्यावर मी आंघोळीची लढाई सकाळऐवजी दुपारी लढू लागले. आठवड्यातली चांगली वेळ साबणावरून भांडण्यात जात होती, ती वाचली.

दोन वर्षांपूर्वी अण्णा आठवडाभरात एकदम खालावले. कोणालाच ओळखेनात, रात्रभर ओरडत, दिवसा डोळे उघडेनात. आमच्या नात्यातील एक ज्येष्ठ काकू पाहायला आल्या आणि “साठी बुद्धी नाठी म्हणतात, यांची तर ऐंशी उलटली” असे म्हणून गेल्या. एका रुग्णालयात दाखल केले. तिथे रात्री ते उठून जाऊ नयेत म्हणून हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरील औषधाचे इंजेक्शन दिले गेले, आणि पुढचे तीन दिवस अण्णा लाकडासारखे ताठ पडून होते. लेवी बॉडीच्या रुग्णांना या जातीची औषधे फार बाधू शकतात, हे केसपेपरवर ठळक लिहायला हवे होते. आम्ही ते तोंडी सांगितले होते, पण रात्रपाळीपर्यंत ते पोहोचले नाही. आता त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेले आहे. तपासण्यांत लघवीचा संसर्ग निघाला आणि रक्तातले सोडियम १२१ निघाले. ते १३५ ते १४५ असावे लागते. दोन्हींवर उपचार झाले. बाराव्या दिवशी सकाळी अण्णांनी डोळे उघडले, परिचारिकेला “बाई, चहा मिळेल का?” असे विचारले आणि माझ्याकडे वळून माझे नाव घेतले.

काकूंना मी आनंदाने फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “जपून गं. दिवा विझायच्या आधी मोठा होतो.” ते ऐकून दादा रात्रीच्या गाडीने निघून आला.

दिवा विझला नाही. अण्णा भानावर आले होते, कारण ज्याने त्यांना आणखी खाली ढकलले होते ते दूर झाले होते. मूळ आजारावर चढलेला हा दुसरा गोंधळ, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, संसर्गाने होतो, पाणी कमी पडल्याने होतो, बद्धकोष्ठाने होतो, एखाद्या नव्या गोळीने होतो. आणि तो वेळीच ओळखला तर पुष्कळदा उतरतो. स्मृतिभ्रंश काही महिन्यांत सरकतो, एका आठवड्यात नव्हे. आठवड्यात माणूस बदलला तर वयाला दोष देण्याआधी लघवी आणि रक्त तपासावे, हे मी आता भेटेल त्याला सांगत असते.

काकूंचे म्हणणे मात्र निव्वळ समजूत म्हणून उडवून लावण्यासारखेही नाही. कित्येक वर्षे न बोललेला माणूस मृत्यूच्या काही दिवस किंवा काही तास आधी स्पष्ट बोलला, घरच्यांना नावाने ओळखले, निरोप घेतला, अशा नोंदी जुन्या वैद्यकीय लिखाणात आहेत. मायकेल नाम या जर्मन जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये त्या एकत्र करून या प्रकाराला नाव दिले. अमेरिकेच्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्थेने २०१८ मध्ये तज्ज्ञांची बैठक घेतली आणि हा विषय गंभीर संशोधनात आला. ज्या मेंदूची इतकी हानी झाली आहे त्यात हे कसे घडू शकते, याचे पटेल असे उत्तर अजून मिळालेले नाही. पण अशा नोंदी बहुधा मृत्यूनंतर, आठवून सांगितलेल्या असतात. ज्या भानानंतर मरण आले ते लक्षात राहते, आणि ज्याच्यानंतर उपीट आले ते कोण लक्षात ठेवतो? अण्णांच्या प्रत्येक बऱ्या दिवशी मी मरणाची चाहूल घेत बसले असते, तर गेली दोन वर्षे मी सुतकातच काढली असती.

दादा त्या वेळी आला तो आणखी एक विचार घेऊन. अण्णा शुद्धीत आहेत तोवर घराच्या कागदांवर सह्या घ्याव्यात. त्यात त्याचा स्वार्थ नव्हता, आणि कायदाही त्याच्या विरोधात नव्हता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या बाराव्या कलमात आणि १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या एकोणसाठाव्या कलमात असे म्हटले आहे की, एरवी मन ठिकाणावर नसलेला माणूस मधल्या काळात भानावर असेल, तर त्या काळात त्याला करार करता येतो, मृत्युपत्र करता येते. पण त्या सकाळी ते भानावर होते हे पुढे सिद्ध कोण करणार? त्याहून मोठा प्रश्न मला असा वाटला की, सही करताना भान असणे आणि कशावर सही करतो आहोत हे दहा मिनिटे मनात धरून ठेवता येणे यांत अंतर आहे. निदान झाले त्याच वर्षी हे करायला हवे होते. आम्ही केले नाही, कारण तो विषय काढणे आम्हाला अशुभ वाटले.

सगळे भान सुखाचे नसते, हेही सांगायला हवे. रुग्णालयातून आल्यावर महिनाभराने एके रात्री मी त्यांचे पांघरूण सारखे करत असताना त्यांनी माझे बोट धरले आणि विचारले, “माझं डोकं गेलंय का गं?” मी म्हटले, “नाही हो अण्णा, काही झालेलं नाही. झोपा.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, बोट सोडले आणि भिंतीकडे तोंड केले. मी खोटे बोलले हे त्यांना कळले होते, आणि ज्या अवस्थेत ते कळते त्याच अवस्थेत मी त्यांना एकटे टाकले होते. नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ॲलॉइस अल्झायमर यांनी एक्कावन्न वर्षांच्या ऑगुस्टे डेटर या रुग्णेला प्रश्न विचारून तिची उत्तरे लिहून ठेवली होती. ते कागद १९९५ मध्ये पुन्हा सापडले. स्वतःचे आडनाव लिहिता लिहिता अडखळणारी ती बाई म्हणाली होती, “मी मला हरवून बसले आहे.” ज्या रुग्णेवरून अल्झायमरच्या आजाराची ओळख पटली, तिलाच तो कळत होता. हे वाचल्यापासून मी ठरवले की अण्णांनी पुन्हा विचारले तर खोटे बोलायचे नाही. दिवेलागणीला ते एसटीची वेळ विचारतात तेव्हा मी गाडी उशिरा आहे असे सांगते, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. तो प्रश्न वेगळा, हा वेगळा.

पुन्हा विचारण्याची वेळ मागच्या मंगळवारी आली. सकाळचे दहा वाजले होते. मी वही टेबलावर उघडी ठेवून दूध उतू जाईल म्हणून धावले. परत आले तो अण्णा वहीवर वाकले होते आणि त्यांच्या हातात पेन्सिल होती. वही त्यांच्या बाजूने उलटी होती. त्यांना त्याची अडचण असायचे कारण नव्हते. पहिल्याच ओळीत मी घाईने ‘स्मृतीभ्रंश’ लिहिले होते. त्यांनी दुसऱ्या वेलांटीला गोल केला होता आणि शेजारच्या कोऱ्या जागेत, थरथरत्या पण ओळखू येणाऱ्या अक्षरात, पहिली वेलांटी काढून दाखवली होती.

“समासात ऱ्हस्व,” ते म्हणाले. मग त्या शब्दावर पेन्सिलीचे टोक टेकवून विचारले, “हे कुणाला झालंय?”

मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटले, “तुम्हाला, अण्णा.”

त्यांनी शब्द पुन्हा एकदा वाचला. “मग निदान नीट लिहीत जा,” असे म्हणून त्यांनी पेन्सिल कानावर खोचली, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिले आणि मला विचारले, “अक्का, दूध उतू गेलं का गं?”